भरलेली टाकी आणि चप्पट फुगा : एका छोट्या मोटारबोटीचं प्रकरण

१४ फुटी फायबरची बोट, मागच्या फळीवर बाहेरून बसवलेलं १५ एचपीचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन, आत पाच माणसं आणि मे महिन्यातली संध्याकाळ. इगतपुरी तालुक्यातल्या एका धरणाच्या जलाशयात हे इंजिन ऐन मधोमध बंद पडलं. थोड्या वेळाने चालू झालं, परत बंद पडलं, परत चालू झालं. शेवटी इंजिनाच्या पाण्यातल्या पंख्यात (प्रोपेलरमध्ये) जाळं अडकलं आणि बोट वाऱ्याबरोबर वाहत धरणाच्या भिंतीच्या दगडांकडे निघाली. माणसं सुखरूप काठाला लागली, कुणाला खरचटलंही नाही. दुसऱ्या दिवशी इंजिन नाशिकमधल्या माझ्या सातपूरच्या वर्कशॉपमध्ये आलं.

शेतीपंप, जनरेटर, द्राक्षबागेतले फवारणीचे ब्लोअर ही माझी रोजची कामं. आउटबोर्ड इंजिनं मोजकीच येतात. पण या इंजिनाची तपासणी मी मुद्दाम सावकाश केली. बोटीचा मालक माझा मावसभाऊ, आणि त्या दिवशी बोटीत बसलेली त्याची आई म्हणजे माझी मावशी. शिवाय इंजिन बंद पडण्याचं जे कारण सगळे छातीठोकपणे सांगत होते, ते मला पटत नव्हतं. ‘पेट्रोल खराब, त्यात आजकाल इथेनॉल घालतात,’ असं म्हणून सगळे मोकळे झाले होते. तेवढ्यावर फाइल बंद केली असती तर तीच बोट पुढच्या महिन्यात तशीच बंद पडली असती. म्हणून हे प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहून काढतो आहे.

बोट कशासाठी घेतली

नाशिकला समुद्र नाही, पण पाण्याला तोटा नाही. गंगापूर, काश्यपी, दारणा, मुकणे, भावली, वाकी, अप्पर वैतरणा. घाटमाथ्यावर पाऊस कोसळतो आणि ही धरणं भरतात. दारणा तर १९१६ सालचं. मावसभाऊ, म्हणजे आमचा अण्णा, यातल्याच एका जलाशयात पिंजऱ्यातली मत्स्यशेती करतो. तरंगत्या चौकटींना जाळ्या लावायच्या, आत बोटुकली, म्हणजे माशांची लहान पिल्लं, सोडायची, रोज खाद्य टाकायचं आणि वजन भरलं की काढणी करायची. पिंजरे काठापासून दूर, खोल पाण्यात असतात, त्यामुळे खाद्याची पोती न्यायला बोट लागतेच. सुरुवातीला वल्ह्याची होडी होती. वारा सुटला की दोन माणसं घामाघूम व्हायची आणि मासे उपाशी राहायचे. मग कोकण किनाऱ्यावरून ही जुनी बोट इंजिनासकट घेतली.

कागदपत्रांबाबत अण्णा पक्का. १९१७ सालचा जुना कायदा जाऊन अंतर्देशीय जलयानांचा २०२१ चा कायदा आला आहे, आणि आपल्या राज्यात अशा बोटींची नोंदणी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे होते. घाटावरच्या माणसाला हे ऐकून नवल वाटतं, पण धरणातली बोटही त्यांच्याच कक्षेत येते. शिवाय जलाशय जलसंपदा विभागाचा असल्यामुळे त्यांची परवानगी वेगळी. ती अण्णाकडे होती, मत्स्यशेतीच्या कामापुरती. या ‘कामापुरती’चा मुद्दा पुढे येणार आहे.

बोट घेतल्यापासून अण्णा बदलला, हे आम्हा सगळ्यांना दिसतं. थंडीत पहाटे पाण्यावर धुकं असतं, पलीकडे कळसूबाईची रांग हळूहळू उजळते, आणि पिंजऱ्याजवळ इंजिन बंद केलं की मासे खाद्यासाठी वर येऊन पाणी खळबळवून टाकतात. हे बघायला तो एरवीही, काम नसतानाही, जायला लागला. बागेत छाटणी आहे, बाजारभाव पडलाय, मजूर मिळत नाहीत, हे सगळं काठावर ठेवून माणूस अर्धा तास पाण्यावर जातो आणि परत येतो तेव्हा त्याचा चेहरा वेगळा असतो. छोट्या बोटीचा खर्च आणि कटकट मला ठाऊक आहे. तरीही ती घेणाऱ्याला मी कधी वेड्यात काढणार नाही.

त्या दिवशीची फेरी

काढणी होळीच्या आधी झाली होती. नवी बोटुकली पावसाळ्यात येणार होती. मधले दोन महिने बोट काठावरच्या शेडमध्ये उलटी घालून ठेवलेली, इंजिन स्टँडवर, पेट्रोलची पत्र्याची २४ लिटरची टाकी शेडच्या कोपऱ्यात. मे महिन्यात अण्णाची बहीण पुण्याहून मुलांना घेऊन आली आणि बोट बाहेर निघाली.

फेरीला निमित्त होतं मावशीचं. माझं आजोळचं जुनं गाव या धरणात गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तिथल्या देवळाचा चौथरा उघडा पडतो. रस्त्याने जायचं तर मोठा वळसा, आणि शेवटचा टप्पा गुडघाभर गाळातून. मावशीच्या गुडघ्यांना ते जमणारं नव्हतं. बोटीने थेट चौथऱ्याला लागता येतं. अण्णा, मावशी, दोन भाचे आणि पिंजऱ्यांवर काम करणारा मुलगा, असे पाच जण चारच्या सुमारास निघाले. लाइफ जॅकेट सगळ्यांनी घातली होती. मावशीने आधी नको-नको केलं, तर अण्णाने सांगितलं, “आई, जॅकेट नाही तर देऊळ नाही.”

जाताना बोट हळू होती. मावशी पहिल्यांदाच बोटीत बसत होती, शिवाय थोरला भाचा मोबाइलवर चित्रण करत होता. देवळाशी मावशी उतरली, पायरी हाताने पुसली, नारळ फोडला. चौथऱ्याच्या दगडात धान्य कुटायचं उखळ कोरलेलं होतं, ते तिने गाळ बाजूला करून बरोबर शोधून काढलं. तिथे लहानपणी तिने आणि माझ्या आईने पोहे कुटले होते. हे चित्रण मी पाहिलं आहे. बोटीने त्या दिवशी जे दिलं ते मोठंच होतं, पुढे जे घडलं त्याने ते पुसलं जात नाही.

तिथे अण्णाने परतीची खबरदारी म्हणून डब्यातलं तेल मिसळलेलं पेट्रोल टाकीत ओतून टाकी काठोकाठ भरली. बूच घट्ट लावलं, बुचावरचा हवेचा स्क्रू उघडा असल्याची खात्री केली, आणि ऊन लागू नये म्हणून टाकीवर ओलं पोतं टाकलं.

परतताना पश्चिमेचा वारा सुटला होता. आपल्याकडे मे महिन्यात दुपारनंतर घाटाकडून जो वारा येतो, तो मोकळ्या पाण्यावर चांगल्याच लाटा उठवतो. लवकर काठ गाठावा म्हणून अण्णाने थ्रॉटल पूर्ण उघडला. दहा-बारा मिनिटं बोट झकास पळाली. मग इंजिनाचा आवाज एकदा खाली गेला, वर आला, परत खाली गेला आणि इंजिन थांबलं.

पाच-सात मिनिटं दोरी ओढून शेवटी ते चालू झालं, पण अर्ध्याच वेळात पुन्हा बंद. तिसऱ्यांदा त्याहून कमी चाललं. तोवर वारा बोटीला पूर्वेकडे, धरणाच्या भिंतीकडे ढकलत होता. मातीच्या धरणाला पाण्याच्या बाजूने दगडांचं अस्तर असतं, आणि लाटांमध्ये हलक्या बोटीने त्या दगडांवर आपटणं ही खरी भीती होती. अण्णाने नांगर टाकला. नांगर तळाला लागलाच नाही, दोरीला लटकत राहिला. वल्हं एकच होतं. चौथ्यांदा इंजिन चालू झालं तेव्हा बोट मच्छीमारांच्या जाळ्यावर आली होती. पंखा फिरला, जाळं गुंडाळलं गेलं आणि इंजिन हिसका देऊन बंद पडलं.

बाहेर काढलं ते थर्माकोलच्या तराफ्यांवरच्या दोन मच्छीमारांनी. त्यांनी आपलं जाळं कापलं आणि बोटीला दोर बांधला. मग वाऱ्याला तोंड न देता तिरकं ओढत ती शेजारच्या खाडीवजा आडोशाला नेली. जाळं कापताना एक क्षणही थांबले नाहीत. त्या जाळ्यावर त्यांचं पोट आहे, हे लक्षात घेऊन हे वाक्य वाचावं.

तपासणी : काय नव्हतं

बंद पडलेल्या पेट्रोल इंजिनाला मी चार प्रश्न विचारतो. ठिणगी आहे का, इंधन पोचतंय का, हवा मिळतेय का, आणि इंजिन तापलं होतं का. आउटबोर्डला पाचवा प्रश्न इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचा. इथे मला एक असा साक्षीदार मिळाला जो सहसा मिळत नाही. भाच्याचा मोबाइल परतीच्या वाटेवरही चालू होता.

त्या चित्रणात इंजिनाचा आवाज स्वच्छ ऐकू येतो. ठिणगी गेली की इंजिन कात्रीने कापल्यागत एकदम थांबतं. इंजिन तातडीने बंद करणाऱ्या किल स्विचची दोरी सुटली तरी तसंच. तापून जाम होत असेल तर ते जड होत जातं आणि नंतर स्टार्टरची दोरी ओढायलाही घट्ट लागते. इथे आवाज खाली-वर होत होत विझला होता. इंधन कमी पडलं की असंच होतं. चित्रणात मागच्या बाजूने पडणारी थंडाव्याच्या पाण्याची धारही शेवटपर्यंत जोरदार दिसते, म्हणजे पंप ठीक. तरी मी पंप उघडून पाहिला. बोट कोकणातून आली तेव्हा आतल्या वाटांमध्ये मिठाचा थर होता, म्हणून पाणी ढकलणारा पंपातला रबरी इम्पेलर तेव्हाच बदलला होता. त्याची पाती लवचिक होती. प्लग कोरडे, किंचित पांढुरके होते. इंधन कमी आणि हवा जास्त झाल्याचं ते लक्षण.

आता पेट्रोल. २०२३ पासून पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं, आणि बोटवाल्यांची त्याबद्दलची तक्रार पूर्ण बिनबुडाची नाही. इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला वेगळा थर होतो. टू-स्ट्रोकला तो थर घातकच, कारण मिसळलेलं तेल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं आणि खालचा थर इंजिनात गेला तर वंगणाविना पिस्टन घासतो. जुन्या रबरी नळ्याही इथेनॉलने खराब होतात. पण म्हणून प्रत्येक बंद पडलेल्या इंजिनाचं खापर त्याच्यावर फोडायचं नसतं, बाटलीत बघायचं असतं. टाकीच्या तळाचं पेट्रोल नळीने काढून मी पांढऱ्या काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवलं. सकाळी तळाला थर नव्हता, गढूळपणा नव्हता. मग मोजपात्रात ९० मिलिलिटर पेट्रोल आणि १० मिलिलिटर पाणी घालून हलवलं. इथेनॉल पाण्यात उतरतं, त्यामुळे खालचा थर १० वरून किती वाढतो यावर प्रमाण कळतं. तो २८ च्या आसपास आला, म्हणजे २० टक्के इथेनॉल, पंपावर मिळतं तेच. पेट्रोल निर्दोष होतं.

फिल्टर स्वच्छ, कार्बोरेटर स्वच्छ, इंधन ओढणारा डायफ्रामचा, म्हणजे लवचिक पडद्याचा, पंप चालू. इंधनाची वाट मोकळी, आणि तरी इंधन पोचत नव्हतं.

सापडलं काय

पिंजऱ्यावरच्या मुलाला मी साधा प्रश्न विचारला. इंजिन बंद पडलं तेव्हा नळीवरचा रबरी फुगा कसा होता? टाकी आणि इंजिनामधल्या नळीवर हा हाताने दाबायचा फुगा असतो. सुरुवातीला तो दाबून पेट्रोल इंजिनापर्यंत आणायचं असतं. तो म्हणाला, “दादा, चप्पट झालेला. मी दाबायला गेलो तर दाबलेलाच होता, फुगतच नव्हता.” ही गोष्ट त्याने तोवर कुणाला सांगितली नव्हती, कारण त्याला कुणी विचारलंच नव्हतं. धाकट्या भाच्याला आणखी एक आठवलं. देवळाशी मामाने टाकीचं बूच उघडलं तेव्हा फुस्स असा आवाज आला होता. सगळ्यांना वाटलं उन्हाने वाफ कोंडली असेल. वाफ बाहेर येतानाचा आवाज आणि हवा आत जातानाचा आवाज कानाला सारखाच लागतो.

पत्र्याच्या डब्यातून गोडं तेल ओतायचं तर आपण डब्याला दोन भोकं पाडतो, एक तेलाला आणि एक हवेला. बोटीच्या टाकीचंही तसंच. पेट्रोल बाहेर गेलं तेवढी हवा आत यायला हवी. त्यासाठी बुचावर छोटा स्क्रू असतो, तो उघडला की वाट मोकळी होते. बोट चालवणारा प्रत्येक जण हा स्क्रू तपासतो. अण्णानेही तपासला होता आणि तो उघडाच होता.

मी बूच उलटं करून भिंग लावलं. स्क्रूच्या खालच्या वाटेत, काडेपेटीतली काडी जेमतेम जाईल एवढ्या भोकात, मातीचा बोळा होता. तपकिरी, कडक, वरून गुळगुळीत फिरवलेला. कुंभारीण माशीचं घर. ओल्या मातीच्या गोळ्या आणून भिंतीच्या कोपऱ्यात, कुलपाच्या भोकात, नळीच्या तोंडात घर बांधणारी ही माशी आपल्याकडे कोणत्याही शेडमध्ये दिसते. दोन महिने स्वस्थ पडलेली टाकी तिला आयतीच सापडली. बोळ्याला एका कडेने केसाएवढी चीर होती, आणि सगळं प्रकरण त्या चिरेभोवती फिरतं. भोक पूर्ण बंद असतं तर दोष लवकर कळला असता. चिरेतून थोडी थोडी हवा आत जात होती, म्हणून तो लपून राहिला.

जातानाच्या फेरीत टाकी जेमतेम पाव भरलेली होती. म्हणजे वर अठरा लिटर हवा. बोट हळू, पेट्रोल कमी लागणारं. लिटरभर पेट्रोल गेलं तरी अठरा लिटर हवेला थोडंच पसरावं लागतं, दाब फारसा उतरत नाही, आणि चिरेतून थोडी भरपाईही होते. देवळाशी टाकी काठोकाठ भरली तेव्हा वर राहिली जेमतेम दीड लिटर हवा. पूर्ण थ्रॉटलवर असं टू-स्ट्रोक इंजिन तासाला सहा-सात लिटर पेट्रोल पितं, दहा मिनिटांत लिटरभर. आता दीड लिटरच्या हवेला अडीच लिटर जागेत पसरायचं आहे. दाब झपाट्याने उतरला. त्यात डब्यातलं उन्हाने तापलेलं पेट्रोल ओल्या पोत्याखाली निवत गेलं, त्यामुळे दाब आणखी कमी. आउटबोर्डचा इंधनपंप इंजिनाच्या दाबाच्या ठोक्यांवर चालणारा साधा डायफ्राम असतो, त्याची ओढ बेताची. टाकी ओढून धरते आणि पंप हरतो. मधला मऊ फुगा चप्पट होतो.

नाशिकच्या उंचीचाही यात वाटा आहे. समुद्रसपाटीपासून आपण साधारण ६०० मीटरवर आहोत, इथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा सुमारे सात टक्के कमी. इंजिनाची ताकद त्या प्रमाणात घटते. कोकणात पाच माणसांना लीलया ओढणारं इंजिन इथे थ्रॉटल पूर्ण उघडल्याशिवाय बोट नीट उचलत नाही. म्हणजे जास्त पेट्रोल, आणि टाकीतून ते पुढे ढकलायला बाहेरच्या हवेचा जोर कमी.

दर वेळी इंजिन आधीपेक्षा कमी का चाललं, याचंही उत्तर इथेच मिळतं. बंद पडल्यावर चिरेतून हवा हळूहळू आत यायची, दाब थोडा सावरायचा, इंजिन चालू व्हायचं. पण पाच-सात मिनिटांत दाब पूर्ण भरून यायचा नाही, त्यामुळे पुढची पाळी आणखी लवकर. पेट्रोलमध्ये पाणी असतं तर इंजिन असं वेळापत्रक धरून बंद पडत नाही. ते बेभरवशाचं चालतं.

बूच अर्धा आटा ढिलं केलं असतं तर त्याच जागी, त्याच मिनिटाला इंजिन नीट चालू लागलं असतं. छोटी बोट बाळगणाऱ्या कुणी या प्रकरणातून दुसरं काही नेलं नाही तरी चालेल, हे मात्र न्यावं. इंजिन आवाज खाली-वर करत बंद पडलं आणि फुगा चप्पट दिसला, की दोरी ओढत बसू नका. आधी टाकीचं बूच सैल करा. फुगा लगेच फुगला तर दोष हवेच्या वाटेत आहे. फुगा मऊ, रिकामा पण गोल असेल तर नळी कुठेतरी हवा ओढते आहे किंवा टाकी रिकामी आहे. फुगा भरून कडक असेल तर इंधन तिथपर्यंत आलेलं आहे, दोष पुढे इंजिनात शोधा. बोटीतलं हे एकमेव असं उपकरण आहे जे हाताला सरळ उत्तर देतं.

इंजिनाच्या पलीकडचं

इंजिन बंद पडणं ही अडचण होती. तिचा धोका झाला तो नांगराच्या दोरीमुळे. दोरी होती बारा मीटरची. पिंजऱ्यांजवळ बोट चौकटीलाच बांधत असल्याने नांगर कधी वापरलाच नव्हता. बोट थांबली तिथे पाणी त्याहून खोल. आणि दोरी तळाला पोचली असती तरी भागलं नसतं, कारण नांगर वजनाने धरत नाही, तळावर आडवा ओढला जाऊन रुततो. त्यासाठी दोरी खोलीच्या पाचपट तरी सोडावी लागते, वाऱ्यात सातपट. समुद्रावरच्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही. धरणावर आपण पाणी शांतच बघतो, म्हणून नांगर शोभेला राहतो. एक वल्हं असणं म्हणजे वल्हं नसणंच, बोट जागच्या जागी फिरते.

दुसरं नुकसान कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. पंख्यातलं जाळं तिथेच कापून काढलं होतं. मी पंखा उतरवला तेव्हा त्याच्या मागे, शाफ्टवर, तंगूसचे वेढे घट्ट बसलेले निघाले. ही नायलॉनची तार फिरता फिरता गिअरबॉक्समध्ये पाणी शिरू न देणाऱ्या सीलची कड कापते. गिअरबॉक्सच्या खालचा स्क्रू काढला तर तेल दुधाळ आलं, म्हणजे पाणी आत शिरलेलं. तसंच चालवलं असतं तर गिअर आणि बेअरिंग गंजून काही महिन्यांत अख्खा खालचा भाग गेला असता, आणि त्याचा जाळ्याशी संबंध कुणी जोडलाही नसता. सील मुंबईहून मागवावं लागलं. नाशिकमध्ये ट्रॅक्टरचा कुठलाही भाग तासाभरात मिळतो, आउटबोर्डसाठी वाट बघावी लागते. जाळं अडकलं की गिअर ऑइल बघायचंच, हे मी आता माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक बोटवाल्याला सांगतो.

तिसरी गोष्ट मी अण्णाशी भांडून बोललो. परवानगी मत्स्यशेतीच्या कामाची आहे, तीत पाहुणे बसत नाहीत. तो म्हणाला, “आईला देवळात नेलं, त्यात काय व्यवसाय केला का?” भावना मला कळते, आणि त्या फेरीचं मोल मी वर लिहिलं आहे. पण काही विपरीत घडलं असतं तर विमा कंपनीने आणि सरकारी चौकशीने पहिला कागद तोच मागितला असता, आणि मत्स्यशेतीचं कामच थांबलं असतं. त्या पिंजऱ्यांवर आणखी चार घरं चालतात. घरच्यांना बोटीतून न्यायचंच असेल तर तशी परवानगी लेखी मागावी, हे माझं ठाम मत आहे. अण्णाने तसा अर्ज केला आहे.

जाळ्याचे पैसे अण्णाने दुसऱ्याच दिवशी दिले, नव्या जाळ्याचे, मच्छीमारांनी सांगितले तेवढे, एका शब्दाने कमी न करता. सोबत त्या दोघांकडून जाळी कुठे कुठे लावलेली असतात ते समजून घेतलं आणि त्या जागांवर बाटल्यांऐवजी भगव्या रंगाचे मोठे तरंगे स्वतःच्या खर्चाने बांधून दिले. रिकाम्या पाण्याच्या बाटल्या लाटांमध्ये दिसत नाहीत, हे तेही कबूल करत होते.

पडताळणी

मातीचा बोळा मी काढला नव्हता. बूच जसंच्या तसं ठेवलं होतं. सील बसल्यावर एका वारा पडलेल्या सकाळी अण्णा आणि मी बोट घेऊन काठालगत, कमरेएवढ्या पाण्याच्या पट्ट्यात गेलो. मच्छीमारांचा एक तराफा जवळ होता. आधी पाव टाकी आणि तेच बूच. पूर्ण थ्रॉटलवरही इंजिन कुरकुरलं नाही. मग टाकी काठोकाठ भरली, बूच तेच. थोड्याच वेळात फुगा बाजूंनी आत ओढला जाऊ लागला, आवाज खाली-वर झाला आणि चित्रणात ऐकला होता तसाच विझला. अण्णाने बूच सैल केलं. फुस्स आवाज आला, फुगा हातातल्या हातात गोल झाला, आणि दोरीच्या पहिल्या ओढीला इंजिन चालू झालं. नवं बूच लावून पुन्हा भरल्या टाकीने बराच वेळ पळवलं. काहीही झालं नाही.

त्यानंतर बोटीत जे बदल झाले ते फार नाहीत. बुचाच्या हवेच्या वाटेवर बारीक पितळी जाळी. बोट ठेवून द्यायची तेव्हा टाकी रिकामी करून बूच कापडी पिशवीत, घरात. इंजिनाची पाण्याची धार जिथून पडते त्या तोंडालाही तेव्हा कापडाचा बोळा आणि त्याला लाल चिंधी, म्हणजे काढायचा राहून जाणार नाही. कुंभारीण तिथेही घर करते, आणि तिथे केलं तर पाण्याची धार बंद दिसून पंपच गेल्यासारखं वाटतं. नांगराला ८० मीटर दोरी, दोन वल्ही. टाकी यापुढे तीन-चतुर्थांशच भरायची. उन्हात पेट्रोल फुगतं, त्याला जागा हवीच.

पहिल्या काही फेऱ्यांनंतर गिअर ऑइल परत काढून पाहिलं. दुधाळपणा नाही, सील धरून आहे. पुढची तपासणी बोटुकली आल्यावर, खाद्याच्या रोजच्या फेऱ्या सुरू झाल्या की. मच्छीमारांच्या संस्थेचं एक जुनं इंजिनही सध्या माझ्या बाकावर आहे. त्याच्या टाकीचं बूच मी सगळ्यात आधी उघडून पाहिलं. ते स्वच्छ निघालं, त्याचा दोष कार्बोरेटरमध्ये आहे.